संरक्षणाच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा व्हावी

महोदय,

अमेरिकेची काँग्रेस १९६१ पासून दरवर्षी संरक्षणविषयक स्वतंत्र कायदा संमत करते. सैन्यसंख्या, शस्त्रखरेदी, जवानांचे वेतन आणि त्यांच्या कुटुंबांची घरे हे विषय त्यात येतात. २०२५ च्या कायद्याने तर कनिष्ठ सैनिकांना १४.५ टक्के वेतनवाढ मिळाली.

आपल्याकडे २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती. अशा खर्चासाठी सरकार संसदेकडे मंजुरी मागते, त्या प्रस्तावांना अनुदानाच्या मागण्या म्हणतात. संसदेची स्थायी समिती त्या तपासते खरी, परंतु लोकसभेत त्या अनेक वर्षी चर्चेविनाच इतर मागण्यांबरोबर एकगठ्ठा संमत होतात, याचे मला मनापासून दुःख होते. शिवाय विमाने किंवा तोफांची खरेदी वर्षानुवर्षे चालते, आणि न खर्चलेला निधी मात्र ३१ मार्चला परत जातो. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने व्यपगत न होणाऱ्या, म्हणजे वर्षअखेरीस परत न जाणाऱ्या, आधुनिकीकरण निधीची शिफारस केली होती.

इंदूरजवळच्या महूत इन्फंट्री स्कूल व आर्मी वॉर कॉलेज आहे. तेथे घडणारे अधिकारी सीमेवर ज्या साधनांच्या भरवशावर उभे राहतात, त्यांचा हिशेब संसदेत उघडपणे मांडला गेलाच पाहिजे. इंदूर व परिसरातील खासदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या मागण्यांवर चर्चेसाठी स्वतंत्र वेळ मागावा, ही विनंती.

— एक वाचक, इंदूर