टी-७२: चर्चा इंजिनाची, प्रश्न साइटचा

संपादक महोदय,
स. न.

मार्च २०२५ मध्ये भारतीय लष्कराच्या टी-७२ रणगाड्यांसाठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. तेव्हापासून या रणगाड्याच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की आधी इंजिन, आणि इंजिन संपले की थेट ‘जुना टरेट (तोफ बसवलेला फिरता घुमट) काढून नवाच का बसवत नाहीत?’ हा प्रश्न. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे साइट (नेम धरण्याची दुर्बीण) आणि तिला तोफेशी बांधणारी यंत्रणा, चर्चेतून निसटतो. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा नेमका तिथे आहे.

इंजिनाचे महत्त्व आहेच. ७८० अश्वशक्तीवर साडेएकेचाळीस टन ओढायचे म्हणजे टनामागे जेमतेम १९ अश्वशक्ती. नव्या इंजिनाने ती २४ होते आणि वाळूत हा फरक जाणवतो. पण गिअरबॉक्स जुनाच राहिला तर मागे जाण्याचा वेग ताशी चारेक किलोमीटरच राहणार. गोळा झाडून आडोशामागे परतायचे तर माणसाच्या चालीने. याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

आता साइट. टी-७२ एम-१ या प्रकारावर गनरची (तोफ डागणाऱ्याची) मूळ दिवसाची साइट टीपीडी-के-१, लेझरने अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरसह. तिची दृष्टिरेषा फक्त वर-खाली स्थिर राहते. डाव्या-उजव्या दिशेला ती टरेटच्या हलण्यावर अवलंबून. रात्रीची मूळ साइट अवरक्त प्रकाशझोतावर चालते, पल्ला सुमारे ८०० मीटर, आणि तो झोत साध्या रात्र-दुर्बिणीतूनही शत्रूला दिव्यासारखा दिसतो. म्हणून थर्मल, म्हणजे लक्ष्याच्या उष्णतेवरून चित्र दाखवणारी साइट हवी, हे सर्वांना मान्य आहे. काही रणगाड्यांवर इस्रायली बनावटीच्या थर्मल साइट बसल्याही. मात्र नुसती साइट बदलून नेम सुधारत नाही, आणि गफलत इथेच होते.

हिशोब सोपा आहे. एक मिलिरेडियनची (कोनाचे एक बारीक माप) चूक एक किलोमीटरवर एक मीटर, दोन किलोमीटरवर दोन मीटर. समोरच्या रणगाड्याची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास, त्यातला निम्मा बांधाआड. म्हणजे साइट कितीही स्वच्छ असली तरी एका मिलिरेडियनला गोळा डोक्यावरून जातो. ही चूक येते कुठून? टरेट फिरवणाऱ्या आणि तोफ उचलणाऱ्या गिअरच्या दात्यांमधल्या ढिलाईतून, ट्रनियनच्या (तोफ ज्यावर वर-खाली फिरते त्या आसाच्या) झिजेतून आणि उन्हाने वरच्या बाजूला जास्त तापून वाकलेल्या नळीतून. चाळीस वर्षे वापरलेल्या टरेटमध्ये ही ढिलाई असतेच. तिच्यावर नवा, जास्त चपळ स्टॅबिलायझर (धक्क्यांतही तोफ स्थिर धरणारी यंत्रणा) बसवला की तोफ जागच्या जागी बारीक थरथरू लागते. मग वर्कशॉपमध्ये त्याची संवेदनशीलता कमी केली जाते आणि नव्या यंत्राचा फायदा तिथेच संपतो. आधी गिअर आणि टरेट ज्यावर फिरतो ती रेस रिंग, मग स्टॅबिलायझर, मग साइट, असा क्रम पाळला तरच पैसा कारणी लागतो.

चालत्या लक्ष्याचेही तसेच. ताशी ३० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा रणगाडा सेकंदाला ८ मीटरहून जास्त सरकतो. चिलखतभेदी गोळ्याला दोन किलोमीटर गाठायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे नेम दहा मीटर पुढे धरायचा. हे काम गनरच्या अंदाजावर न सोडता बॅलिस्टिक संगणकाने करायचे असेल, तर त्याला दृष्टिरेषेचा आडवा वेग, आडवा वारा, रणगाड्याचा कल आणि गोळा फेकणाऱ्या दारूचे तापमान ही चारही माहिती मिळाली पाहिजे. शेवटच्या मुद्द्याकडे हमखास दुर्लक्ष होते. जैसलमेरच्या दुपारी तापलेल्या आणि पहाटे गार पडलेल्या दारूने गोळ्याचा वेग बदलतो.

कमांडरची साइट हा वेगळा विषय. गनर एका लक्ष्यावर असताना कमांडरने दुसरे शोधून द्यायचे, यासाठी त्याला स्वतःची थर्मल साइट लागते. टी-९० रणगाड्यांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे अशा ९५७ साइटची १०७५ कोटींची मागणी नोंदवली गेली, म्हणजे रणगाड्यामागे सव्वा कोटीच्याही आत. नव्या रणगाड्याच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

आणखी दोन अडचणी कागदावर दिसत नाहीत. पहिली विजेची. थंड केलेल्या डिटेक्टरची (उष्णता टिपणाऱ्या भागाची) थर्मल साइट सुरू केल्यावर काही मिनिटे गार होण्यात जातात, म्हणून ती सारखी बंद-चालू करता येत नाही. रात्रभर टेहळणीला बसायचे तर चार बॅटऱ्या पुरत नाहीत. मग मुख्य इंजिन चालवावे लागते आणि आवाज व उष्णता यांमुळे जागा उघड होते. छोटे सहायक जनरेटर हवेतच. दुसरी अडचण स्लिप रिंगची. हल (रणगाड्याचा खालचा सांगाडा) आणि फिरता टरेट यांच्यामधल्या सर्व तारा तिच्यातून जातात. नवी उपकरणे वाढली की तिच्यातल्या मोकळ्या जोडण्या संपतात आणि जुन्या, झिजलेल्या संपर्कांमुळे पडद्यावर चित्र अधूनमधून लुकलुकते. दोष साइटला दिला जातो, साइटच बदलली जाते, दोष तसाच.

आता नव्या टरेटकडे. भारतात हा प्रयोग झालेला आहे. टी-७२ च्या हलवर स्वदेशी अर्जुन रणगाड्याचा टरेट बसवून ‘कर्ण’ हा सुमारे ४७ टनांचा नमुना डीआरडीओने तयार केला. लष्कराने तो स्वीकारला नाही. १२५ मिमीच्या स्वयंचलित भरणीऐवजी १२० मिमीची हाताने भरायची रायफल्ड (आतून पीळदार खाचांची) तोफ, तिघांऐवजी चौघे, आणि इतर हजारो रणगाड्यांशी न जुळणारा दारूगोळा. ब्रिटनने मात्र चॅलेंजर-२ मधले १४८ रणगाडे नव्या टरेटसह चॅलेंजर-३ करायला घेतले. त्यांचे कारण पक्के होते: रायफल्ड तोफेचा दारूगोळा जगात एकटा पडला होता आणि स्मूथबोअर (आतून गुळगुळीत) तोफ व एकसंध लांब गोळे जुन्या टरेटमध्ये मावत नव्हते. टी-७२ ची तोफ स्मूथबोअरच आहे. तिथे नव्या टरेटचे खरे समर्थन एकच, ते म्हणजे दारूगोळा माणसांपासून वेगळा करणे. कॅरोसेलमधले (स्वयंचलित भरणीच्या फिरत्या चकतीतले) २२ गोळे पायांखाली आणि उरलेले आजूबाजूला, याचा परिणाम युक्रेनमध्ये उडालेल्या टरेटच्या छायाचित्रांत सर्वांनी पाहिला. पण कॅरोसेलबाहेरचे सुटे गोळे न नेणे हा उपाय फुकट आहे आणि आजही करता येतो.

देखभालीबद्दल थोडके. थर्मल साइटची खिडकी जर्मेनियमची असते, साध्या काचेतून ते किरण जातच नाहीत. तिच्यावरची वाळू कोरड्या फडक्याने पुसली की लेप ओरखडतो. आधी फुंकून, मग मऊ कापड. साइटमधील सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे. बोअरसाइटिंग, म्हणजे साइट आणि नळीचा नेम जुळवणे, तर जुन्या पद्धतीचेच: नळीच्या तोंडावरच्या खाचांतून दोन दोरे ताणून फुली करायची, फायरिंग पिनच्या भोकातून पाहून ती दूरच्या स्पष्ट कोपऱ्यावर आणायची, आणि मग साइटची खूण त्याच बिंदूवर. हे काम घाईत उरकले तर वरची सगळी यंत्रणा वाया.

म्हणून स्वीकृतीची चाचणी शोरूमछाप नको. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्कराच्या गोळीबार मैदानावर, जिथे सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुनमधून लेझर-निर्देशित क्षेपणास्त्र डागले गेले, नूतनीकरण झालेला टी-७२ आधी खडबडीत जमिनीवर भरपूर पळवावा, पुन्हा बोअरसाइट न करता रात्री धुळीत चालत्या लक्ष्यावर पहिला गोळा झाडायला लावावा. तो कुठे पडला, यावर देयक ठरावे. सुटे डिटेक्टर आणि त्यांना थंड ठेवणारे कूलर किती मिळणार, हेही त्याच करारात लिहिलेले असावे.

– रणगाडा-दुरुस्ती क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ, अहिल्यानगर