आईच्या एकादशीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

निर्जला एकादशीला काय झालं ते मला दादाकडून कळलं, तुमच्याकडून नाही. सकाळी इन्शुलिन घेतलं, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि दुपारी देवघरासमोर साखर 52. बाबा, तुम्ही वेळेवर साखरपाणी पाजलंत म्हणून निभावलं. मी रागावलेले नाही, पण तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

म्हणून एक ठरवलंय आणि आता ते बदलणार नाही. आषाढीपासून आईच्या दोन्ही पक्षांतल्या एकादश्या मी करणार. आईने त्या दिवशी नेहमीसारखं जेवायचं. डॉक्टरांशी, दादा-वहिनीशी बोलून झालंय.

आई, तू म्हणशील, नवस मी बोलले तर पोरीने कसा फेडायचा? दादाच्या त्या आजारपणातला तुझा शब्द मोड असं मी सांगतच नाहीये. फडताळातला धर्मसिंधु काढ. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेला तो ग्रंथ, आपण तिथी त्याच्यावरूनच ठरवतो. ज्याला झेपत नाही त्याचं व्रत घरच्या माणसाने करावं, ही सोय आपल्या शास्त्रानेच ठेवली आहे. आणि तो श्लोक बाबांना पाठ आहे: ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, त्यांत पाणी, कंद, फळं, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. तुझ्यासाठी वेळेवरचा घास म्हणजे औषधच.

आणि हे आपल्यापुरतंच नाही गं. इथे नांदेडला माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीची अम्मी तुझ्याच वयाची, तिलाही इन्शुलिन. रमजानात ती रोजे ठेवत नाही. प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालते. आजाऱ्याला सूट कुराणातच दिली आहे, त्यामुळे तिच्या मनाला कसली रुखरुख नाही. वरच्या मजल्यावरच्या जैन काकू पर्युषणात पच्चक्खाण, म्हणजे उपासाचा संकल्प, घेतात ना, त्या पाठातही आजारात मन ठिकाणावर राहावं म्हणून औषधाची मोकळीक आधीच धरलेली असते. ज्यू लोकांचा योम किप्पूर हा वर्षातला सर्वांत कडक उपास. त्या दिवशीही जाणकार सांगतील तसं आजाऱ्याला खाऊ घाला, असं त्यांचे धर्मग्रंथ सांगतात. इतक्या दूरदूरच्या माणसांनी देवाला इतकं सारखं ओळखलं, याचं मला फार बरं वाटतं.

राहिलं सोवळं. पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पारोशाने तर नाहीच, हे तुझं लग्न होऊन आल्यापासूनचं. बाबा ‘आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः’, आहार शुद्ध तर मन शुद्ध, म्हणतात, ते छांदोग्य उपनिषदातलं. त्याच छांदोग्यात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. दुष्काळात त्याने माहुताच्या ताटातलं उष्टं कडधान्य मागून खाल्लं. माहूत उष्टं पाणीही देऊ लागला, ते मात्र नाकारलं. म्हणाला, हे खाल्लं नसतं तर जगलो नसतो, पाणी मला कुठेही मिळेल. आणि तोच पुढे राजाच्या यज्ञात मानाने बसला. त्याला चाललं, मग तुला अंघोळीआधी दोन बिस्किटं का चालू नयेत?

बाबा, खिचडीचं तुम्हालाही सांगते. साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळं मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुळलेलं. त्याला पावित्र्य आलं ते आईच्या हातामुळे. म्हणून ती वाटीभरच खायची, दुसऱ्यांदा मागायची नाही. तुमचीही साखर काठावर आहे.

आई, जीभ जिंकली की सगळं जिंकलं असं भागवत म्हणतं. तू ती कधीच जिंकलीस. उपासाच्या दिवशी आम्हाला वरणभात भरवताना तुझ्या तोंडात कण नसायचा, आणि वरीच्या भाताची खरवड तू माझ्यासाठी वाटीत झाकून ठेवायचीस. अजून मला ती सगळ्यात आवडते. तुला आणखी काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही.

आता नीट ऐका. उशाशी ग्लुकोजचा डबा आणि बिस्किटं ठेवायची. घाम सुटला, हात थरथरले तर आधी मशीनवर तपासायचं. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. इन्शुलिनचं प्रमाण आपल्या मनाने कमी-जास्त नाही. आकडे रोज मला पाठवायचे, काही लपवायचं नाही. देवघरात बसायला पाटाऐवजी उंच स्टूल पाठवलंय, त्यावर आसन घाल म्हणजे तुला खटकणार नाही. तुळशीला पाणी, विष्णुसहस्रनाम, हरिपाठ, सगळं तुझंच राहील. माझ्याकडे फक्त उपाशी राहणं आलंय, आणि माझी तब्येत ठणठणीत आहे, काळजी करू नकोस.

आषाढीला सकाळी आठला फोन करीन. त्याआधी तुझी न्याहारी झालेली असली पाहिजे. काय खाल्लंस ते बाबांनी सांगायचं.

तुमची,
मनी