या गणपतीत मी नसेन

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज ऐकून घसा दाटतो, म्हणून लिहितेय. दादाला वाचून दाखवायला सांगा. बाबा, नवा चष्मा येईपर्यंत डोळ्यांना ताण देऊ नका.

गणपती झाले की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि मी तेव्हा तिथे नसेन. मी पदवीला प्रवेश घेतलाय. फी भरून झालीये. ऑगस्टअखेर वर्ग सुरू होतात, डिसेंबरच्या मध्याला परीक्षा, आणि ती संपली की दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून ठेवलंय. रजा सगळी बाबांच्या अँजिओच्या वेळी संपली. ती तशी संपली याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आता या वयात कशाला, असं आई म्हणेल. आई, इथे टेक्सासमध्ये माझ्या जेलच्या नोकरीला पदवी लागत नाही, पण प्रोबेशन अधिकारी, म्हणजे तुरुंगात न टाकता बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा, व्हायचं तर कायद्यानेच लागते. कम्युनिटी कॉलेजातला माझा दोन वर्षांचा कोर्स कामधंद्याचा, साध्या बी.ए.ला त्यातलं फारसं धरत नाहीत. ही 'अप्लाइड' पदवी आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. एकूण १२० क्रेडिट लागतात, त्यातली ६० आधीची धरली, उरलेली करायला अडीच वर्षं. विषय क्रिमिनल जस्टिस, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग सगळंच. फी मी साठवलेल्या पैशातून भरलीये, कुणाकडे हात पसरलेला नाही. आणि पुढचं काम बहुतेक दिवसाचं असेल. माझ्या रात्रपाळीने तुझी झोप उडते ना, ती तरी परत येईल.

बाबा, हे तुमच्यासाठी. एस.वाय.ला कॉलेज सुटलं ते तुमच्यामुळे नाही. त्या वर्षी घरात जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता. फॉर्म मी भरला नाही, मीच. इतकी वर्षं तुम्ही हे मनाला लावून घेतलंय, ते मला कळतं. आता ते सोडा.

जेलमध्ये एका जेलरमागे जास्तीत जास्त ४८ जण, असा इथला नियम आहे. तासातून एकदा प्रत्येकाच्या समोर जाऊन तोंड बघायचं. जो जिवाचं बरंवाईट करेल असं वाटतं, त्याच्याकडे दर अर्ध्या तासाने. सात वर्षं मी ही तोंडं बघतेय. एकोणीस वर्षांचा एक पोरगा यंदा तिसऱ्यांदा आला. मागच्या वेळी सुटला तेव्हा हातात कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी, आणि न्यायला कुणी नाही. दारात उभा राहून तो कुठल्या बाजूला जायचं हेच बघत होता. आत होता तोवर त्याच्याकडे बघायला मी होते. बाहेर कोण होतं?

पहिल्या विषयाचं पुस्तक चाळलं. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट शिवणारा होता. कोर्टात आणलेल्या एका दारुड्याला तो जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत, नीटनेटका होऊन उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशाने त्याला दंड केला एक सेंट, वर कोर्टाचा खर्च. प्रोबेशनची सुरुवात तिथली मानतात. आपल्याकडचा कायदा १९५८ चा, तुम्हाला तो पाठ असेल. पण वाचताना मला तुमचा डबा दिसत होता, बाबा. मी पोलीस ठाण्यात घेऊन यायचे, वरच्या पुड्यात पिठलं, खाली भाकऱ्या. तुम्ही आधी एक भाकरी मोडून लॉकअपच्या गजांतून आत द्यायचात, मग स्वतः बसायचात. आणि सायकलवाला पोरगा सुटल्यावरसुद्धा आपल्या ओट्यावर येऊन बसायचा. आई, तू त्याला ओरडायचीस आणि ओरडता ओरडता ताट वाढायचीस. मला तेच काम करायचंय, नीट शिकून.

आता ऐका. ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. विट्याची मावशी महिनाभर राहायला येतेय, तिच्याशी बोलणं झालंय. वॉकर आणि कमोडची खुर्ची दादा आधीच आणून ठेवेल. न्हाणीघरापुढचं पायपुसणं उचलायचं, त्यावरून पाय घसरतो. चालवायला बाई येईल तेव्हा 'आज नको' म्हणायचं नाही, दुखलं तरी चालायचं. देवघरापुढे खाली बसायचं नाही, खुर्चीवर बसून पूजा केलेली देवाला चालते. गौरीच्या सोळा भाज्यांचा हट्ट यंदा नको. बाबा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि लोणच्याची बरणी मावशीच्या ताब्यात द्या. रागावू नका, मी तिथे नाही म्हणून इथून बोलतेय.

माझं जेवणखाण नीट आहे. बाजरीचं पीठ मिळतं, आईने दिलेलं मेतकूट अजून अर्धी बरणी आहे. आजारी पडले की मला अजूनही तुझ्या हातचा मऊ भातच लागतो, पण सध्या ठणठणीत आहे.

ऑपरेशनच्या दिवशी इथे रात्र असेल. मी जागी असेन. आत नेण्याआधी एकदा फोन कानाला लावायचा, बोलायला नाही जमलं तरी चालेल.

तुमची,
छकुली

ता. क. बाबांचा तो डबा मोडीत घालायचा नाही. डिसेंबरमध्ये मी नेणार आहे.