बेसमेंट राहिलं

ब्रॅम्प्टन, कॅनडा, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "मग तू वकीलच होणार ना?" आवाज तुटत होता म्हणून सांगायचं राहिलं. वकील नाही गं, पॅरालीगल. पण ओंटारियोत २००७पासून पॅरालीगललाही सनद मिळते. ती असली की घरमालक-भाडेकरूंचे तंटे, वाहतुकीचे दंड, ५० हजार डॉलरपर्यंतचे दावे यांत अशिलाच्या बाजूनं स्वतः उभं राहता येतं. मृत्युपत्र आणि घराची खरेदी यांना मात्र हात लावायचा नाही. म्हणजे बाबा, तुमचं खरेदीखत मला इथं करता यायचं नाही!

तरी लेखनाच्या तासाला तुम्हीच आठवता. कचेरीबाहेरच्या तुमच्या टेबलाशी बसून 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासह दरोबस्त' ऐकत वाढलेली मी. कायद्याचं लिहिणं म्हणजे भारदस्तच असणार, असं धरून चालले. पहिल्याच मेमोत, म्हणजे कायद्याच्या टिपणात, एक वाक्य सात ओळींचं झालं. बाईंनी काट मारली नाही, समासात एवढंच लिहिलं : "कोणी काय केलं?" ते वाक्यात नव्हतंच.

इथली रीत अशी : आधी प्रश्न, मग नियम, मग तो नियम या माणसाच्या हकिगतीला कसा लागतो ते, शेवटी निष्कर्ष. तिसरी पायरी जीव काढते. विंडसरच्या एका गृहस्थांना पाण्याच्या बंद बाटलीत मेलेली माशी दिसली, आणि त्यांनी एवढा धसका घेतला की आजारीच पडले. २००८ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं भरपाई नाकारली. कंपनीची चूक झाली हे मान्य, पण सर्वसाधारण माणूस माशी बघून इतका खचेल, हे आधी कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. नियम मी दोन ओळींत लिहिला. 'सर्वसाधारण माणूस' म्हणजे कोण, हे लिहिता लिहिता रात्रीचे दोन वाजले. आई, माशी पडलेला चहा तू मोरीत ओततेस आणि दुसरा टाकतेस, तेवढंच लिहून झोपावंसं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात सरावासाठी भाडं थकल्याची नोटीस लिहायची होती. मालक वर राहतो, भाडेकरू बेसमेंटमध्ये. इंग्रजी चोख, थकबाकीची बेरीज दोनदा तपासलेली. पत्त्यात घराचा नंबर घातला, रस्ता घातला, 'बेसमेंट' राहिलं. शून्य मार्क! एवढ्या एका चुकीनं खरी नोटीसही बाद होऊ शकते, मग मालकानं सगळं पहिल्यापासून करायचं.

बाबा, तेव्हा मला तो दस्त आठवला. गट नंबर होता, हिस्सा लिहायचा राहिला होता. तुम्ही पदरच्या पैशानं चूक दुरुस्ती पत्र करून दिलंत, आणि दोन दिवस तुमचं जेवणात लक्ष नव्हतं. एका आकड्यासाठी एवढं काय, असं मी आईला विचारलं होतं. तुम्हाला नाही विचारलं, बरं झालं. आता मीही लिहून झालं की कागद खालून वर वाचते, तुमच्यासारखं बोट ठेवून. शेजारची मुलगी हसते. हसू दे.

त्या पत्राचा कच्चा मसुदा ट्रंकेत असेल तर फोटो पाठवा.

आणि आईचा गुडघा डॉक्टरांना दाखवला का? "बघू" हे उत्तर चालणार नाही. कोणी, केव्हा, काय सांगितलं, या क्रमानं कळवा.

तुमची,
चिऊ