ताई, तुम्ही लेखी दिलंत म्हणून

ताई, नमस्कार.

पत्र उघड लिहितोय, पण तुमचं आणि गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. सातारा जिल्ह्यातली एक आशाताई, एवढं पुरे.

बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा सरलेला. आळीत दोन-तीन घरांत पिवळे डोळे दिसले आणि तुम्ही दारात येऊन आईला बजावलंत, "हिला नळाचं पाणी उकळल्याशिवाय देऊ नका." आम्हाला कावीळ म्हटली की झाडपाला आणि पथ्य, एवढंच ठाऊक. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या 20-25 गरोदर बायका दगावू शकतात, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं. बहीण सुखरूप सुटली. भाचा आता रांगतोय, हाती लागेल ते तोंडात घालतोय.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडत नाही, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायच्या ओटी टेस्टचं रजिस्टर घरी बसून भरलं जातंय, हे तुम्ही आरोग्य केंद्रात लेखी दिलंत. यात्रा तोंडावर. झालं, "गावाची बदनामी केली" म्हणून जाब तुम्हालाच! रजिस्टर भरणाऱ्याला कुणी हटकलं नाही. काही घरांनी तुम्हाला उंबराही चढू दिला नाही. मानधनावरचं काम, काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? या काविळीची लागण झाल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे जातात. यात्रेपर्यंत तुम्ही गप्प बसला असतात, तर पाहुणेरावळे तेच पाणी पिऊन आजार आपापल्या गावी घेऊन गेले असते.

वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी 30 डिसेंबर 2019 ला सोबतच्या डॉक्टरांना सावध केलं, तर पोलिसांनी अफवा पसरवल्याची ताकीद देऊन त्यांची सही घेतली. फेब्रुवारीत ते कोरोनानेच गेले. ताकीद मागे घेतली मार्चमध्ये! आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा 2014 साली संसदेत मंजूर झाला, पण तो लागू करायला सरकारला वर्षानुवर्षं मुहूर्त सापडला नाही.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय: ओटी टेस्टचा निकाल रोज पंचायतीच्या फळ्यावर लागावा. ठराव माझ्या नावाने असेल. तुम्ही आला नाहीत तरी चालेल. बोलणी खायची पाळी आता आमची.

तुमचा,
वरच्या आळीतला एक भाऊ