शर्यत सोडली त्याबद्दल

पुणे,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय सुजे,

तिळाच्या वड्या कुरियरने निघाल्यात. पत्र वेगळं पाठवतेय, कारण फोनवर सांगायला घेतलं की तू पहिल्याच वाक्याला ‘गुडघा का गं?’ असं विचारणार आणि मग सगळं बोलणं गुडघ्यावरच होणार. गुडघा नाही. पोट नाही, पेटके नाहीत, टप्प्याची ठरलेली वेळ, म्हणजे कट-ऑफ, चुकला असंही नाही. डिसेंबरातली आपली सिंहगड-राजगड-तोरणा शर्यत मी राजगडाच्या पायथ्याला सोडून दिली. हातात वेळ होता, पाय शाबूत होते. हे मला अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही.

इकडे सगळे बरे. अप्पांची साखर वर-खाली, मला जरा सर्दी, धाकटीची परीक्षा तोंडावर. झालं.

तयारी यंदा कधी नव्हे इतकी चांगली झाली होती. पावसाळाभर वेताळ टेकडी. शनिवारी लांबचं पळणं आणि रविवारी त्याच थकल्या पायांनी आतकरवाडीतून सिंहगड. आठवड्यात मध्येच पर्वतीच्या १०३ पायऱ्या, चढायच्या आणि मुख्य म्हणजे उतरायच्या. सुरुवातीला आपण चढाचीच तयारी करायचो आणि मार खायचो तो उतारावर, आठवतंय? उतरताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतो, म्हणून ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडवतं. पण ते एकदा सोसलं की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका बाधत नाही. सरांनी हे आपल्याला किती उशिरा सांगितलं! यंदा मी मुद्दाम घसाऱ्याच्या वाटा शोधून उतरले. कल्याण दरवाजाच्या खालचा तो मुरमाचा टप्पा, जिथं तू बसून घसरत यायचीस आणि वर त्याला ‘तंत्र’ म्हणायचीस, तो मी आता उभ्याने उतरते.

शर्यतीच्या दिवशीही सगळं जागच्या जागी होतं. पहाटेच्या अंधारात हेडलँपची रांग गडावर चढत होती. कल्याण दरवाजातून बाहेर पडलो तेव्हा उजाडलं. तिथं सर उभे होतेच, घसा फोडून ओरडत, ‘दोर कापलेत! मागे बघायचं नाही!’ १६७० सालचा सूर्याजी सरांच्या अंगात दर डिसेंबरात येतो. खाली कल्याण गावात बायका हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करत होती. विंझरच्या पुढे डांबरी रस्ता लागला तेव्हाही मी बरोबर वेगात होते. पळता येण्यासारखं तिथं पळायचं, चढ आला की हात मांडीवर ठेवून चालायचं. मिठाचे बटाटे, लिंबू-सरबत, गूळ-दाण्याचा लाडू. नुसतं पाणी ढोसत राहिलं की अंगातलं मीठ पातळ होतं आणि डोकं भणभणायला लागतं, हे तुझ्या त्या बोपदेवच्या रात्रीपासून मी कधी विसरलेले नाही.

आणि मग राजगड समोर आला.

सुजे, त्या डोंगराकडे बघून आपल्या पोटात काय व्हायचं ते तुला माहीत आहे. संजीवनी माचीची ती लांबलचक शेपटी, पलीकडे तोरणा, मधली धार, बुधला माचीपर्यंतची वाट. गेली कित्येक वर्षं मी ऑफिसात बसून ती धार मनातल्या मनात पळते. त्या दिवशी मी वर बघितलं आणि काहीच झालं नाही. भीती नाही, कंटाळा नाही, थकवाही नाही. डोंगर होता, मी होते, आणि मला वर जायचं नव्हतं.

तुला वाटेल साखर उतरली असेल. मलाही आधी तेच वाटलं. अंगातलं साठवलेलं इंधन संपत आलं की सगळं जग नकोसं होतं आणि एक लाडू पोटात गेला की पंधरा-वीस मिनिटांत तेच जग पुन्हा बरं दिसायला लागतं, हे आपण दोघींनी अनुभवलंय. म्हणून मी खाल्लं. बसले. बूट काढून खडे झटकले, मोजे बदलले. कट-ऑफला तासाभराहून जास्त अवकाश होता, तेव्हा घाई नव्हती. वाट बघितली. अंगात तरतरी आली, हातपाय गरम झाले, पण इच्छा काही आली नाही. मग उठले, टेबलापाशी जाऊन छातीवरचा नंबराचा बिब काढून दिला. तिथला मुलगा गोंधळला. ‘काकू, अजून भरपूर वेळ आहे, चालत गेलात तरी होईल,’ म्हणाला. त्याचं बरोबर होतं, झालं असतं.

परतीच्या जीपमध्ये साताऱ्याची एक मुलगी होती, पंचविशीची असेल. तिला थोडक्यात कट-ऑफ चुकला होता. ती हमसून हमसून रडत होती. आपण दक्षिण आफ्रिकेतल्या त्या कॉम्रेड्स शर्यतीचा शेवट टीव्हीवर बघितलेला आठवतो? बारा तास भरतात, तो अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. मागे उरलेल्यांमध्ये तुझा-माझा कुणी नव्हता, तरी आपण दोघी सोफ्यावर ओरडत होतो, ‘अरे पळ, पळ!’ त्या मुलीला बघून मला तसंच ओरडावंसं वाटलं. तिच्याकडे वेळ उरला नव्हता आणि हवं ते सगळं शिल्लक होतं. माझ्याकडे वेळ होता. मी तिला माझी सुकी शाल दिली आणि पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर प्रत्येकाने आपापल्या परीने माझ्या गुडघ्याला जबाबदार धरलं. सासूबाईंनी तेल गरम केलं. वहिनींनी त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. ग्रुपवर सगळ्यांनी ‘पुढच्या वर्षी नक्की’ लिहिलं. ह्यांनी एकदाच विचारलं, ‘दुखत नाहीये ना?’ मी नाही म्हटल्यावर गप्प राहिले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी रक्तही तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिनही ठीक. आपल्या वयाच्या पळणाऱ्या बायकांत लोह कमी असेल तर असा निरुत्साह येतो, म्हणून मला जवळजवळ आशा होती की ते कमी निघेल. सकाळची नाडीही नेहमीइतकीच. म्हणजे शरीर दमलेलं नव्हतं. मग काय?

तू आता कारवीचं भांडण काढणार, मला माहीत आहे. काढ. मी ते विसरलेले नाही आणि माझं मतही बदललेलं नाही. वेळ लावून केलेल्या सरावात मधेच थांबून तू कारवी बघत बसलीस, मी पुढे धारेवर कुडकुडत तुझी वाट बघत होते आणि वर मलाच ऐकवलंस की शर्यत दरवर्षी असते, कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. तेव्हाही मला वाटलं होतं आणि आत्ताही वाटतं की आधी सांगायला हवं होतंस. पण त्या थांबण्यात आणि ह्या थांबण्यात केवढा फरक आहे बघ. तू कशासाठी तरी थांबली होतीस. तो सगळा उतार जांभळा-निळा झाला होता, कुणीही थांबलं असतं. राजगडाच्या पायथ्याला डिसेंबरात काय होतं? वाळलेलं गवत, पाण्याचे कॅन, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी कशासाठीच थांबले नाही.

आता जे लिहायचं आहे ते.

मला सारखी आई आठवतेय. तिची पेटी. आमच्या घरात ह्याबद्दल कुणी बोलत नाही आणि माहीत असलेलं घराबाहेरचं माणूस तू एकटीच आहेस, कारण तेव्हा तूच शिकायला यायचीस. मी त्या दुपारी शाळेच्या खो-खोच्या सरावाला गेले होते. घरी आले तर पेटीवर खोळ घातलेली आणि तू निघून गेलेली. तिने पुन्हा कधी ती खोळ काढली नाही. अप्पांनी विचारलं, मामाने विचारलं, तिचं एकच उत्तर, ‘नको वाटतं.’ हात दुखत नव्हते, कुणी काही बोललं नव्हतं. दोन वर्षांनी तिने भिशीला जाणं सोडलं, मग लग्नकार्याला जाणं, मग अंगणात तुळशीपाशी बसणं. एकेक गोष्ट, कुठलंही भांडण न करता. शेवटी शेवटी ती काय करायची तुला माहीत आहे.

मला शर्यतीचं दुःख नाही, सुजे. मेडल आता कपाटात मावत नाहीत. मला भीती वाटते ती ह्या गोष्टीची, की पहिली गोष्ट अशीच सुटते का? एका साध्या दिवशी, सगळं ठीक असताना? आज राजगड, उद्या टेकडी, मग आणखी काय? मंगळवारी टेकडीवर येणाऱ्या बायकांना मी इतकी वर्षं सांगत आलेय, ‘नको वाटलं तरी पुढच्या झाडापर्यंत जा, तिथं ठरवा.’ हे मी मनापासून सांगते, कारण मी स्वतः तसंच करत आलेय आणि पुढच्या झाडापाशी नेहमीच आणखी थोडं जावंसं वाटलंय. ह्यावेळी मी त्या झाडापाशी बसून राहिले. तो सल्ला चुकीचा नव्हता. त्याच्या पलीकडे काय असतं, हे मला तोवर कधी कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आईच्या गोष्टीशी जुळत नाही आणि तिलाच मी धरून बसलेय. शर्यतीनंतरच्या रविवारी मी उठून सिंहगडावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, घड्याळ घरी ठेवलं होतं. वर जाऊन देवटाक्याचं पाणी प्यायले, पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं आणि सगळा उतार पळत आले. इतकी मोकळी मी कित्येक महिन्यांत पळाले नव्हते. म्हणजे पाय उचलावेसे वाटतात. टेकडीही रोज होते. तुझ्या पार्ले-जीच्या सवयीमुळे खाणीजवळची कुत्री आजही माझ्या खिशाकडे बघत येतात, आणि मी नुसतीच पळणारी निघाले की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. मग गेलं ते काय? कट-ऑफ, बिब, रांग, सरांचे दोर एवढंच गेलं असेल, तर मी निश्चिंत आहे. पण आईनेही पेटी बंद केल्यावर पुढचं वर्षभर स्वयंपाक करताना गुणगुणणं सोडलं नव्हतं. तूही ऐकलंयस ते.

म्हणून तुला विचारायचं आहे. त्या दुपारी तू तिच्यासमोर बसली होतीस. पेटीचा भाता बंद करताना तिचा चेहरा कसा होता? दमलेला होता, की सुटल्यासारखा? मी तुला हे आजवर कधी विचारलं नाही. लग्नाआधी एकदा तू स्वतःहून सांगायला लागली होतीस आणि मीच विषय बदलला. आता सांग. मी विचारतेय त्याला कारण आहे. शर्यतीच्या फोटोवाल्यांनी फोटो पाठवलेत, त्यात मी बिब देतानाचा एक आहे. त्यात मी हसतेय. त्या मुलाकडे बघून, चांगली दात दाखवून. मला ते हसू अजिबात आठवत नाही. फोटोची प्रत सोबत ठेवतेय. तूच बघ आणि तिच्याशी ताडून बघ. दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही.

तुझं घर बांधून झालं का? जांभ्याच्या भिंतींना आतून गिलावा करू नकोस म्हणून मी सांगितलं होतं, केलाच असशील. चिन्मयचं बारावीचं वर्ष, त्याला माझ्याकडून काहीही उपदेश सांगू नकोस, फक्त झोप म्हणावं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं हे कळलं. भाट्याच्या वाळूत पळतेस की नुसती चालतेस, ते खरं लिही. बालभारती-पौड फाटा रस्त्याचं तू विचारलं होतंस. टेकडीवरची माणसं अजून विरोध करताहेत आणि मीही त्यांच्यात आहे. सविस्तर पुढच्या पत्रात.

माघी पौर्णिमेला ये. कात्रज ते सिंहगड करू, रात्रीचं. शर्यतीसारखं नाही, पण पूर्ण. जुन्या बोगद्यापाशी नऊला सुरुवात केली तर सावकाश चालत उजाडायच्या आत पोचू. टेकड्यांवरचं गवत तोवर वाळलेलं असेल आणि उतारांवर माती भुरभुरीत, तेव्हा ते गुळगुळीत तळव्यांचे बूट आणू नकोस, नवे घे. बॅटरीचे जादा सेल आण. चहाचा थर्मासही आण, ह्यावेळी मी त्याच्या वजनावरून एक शब्द बोलणार नाही. रत्नागिरीहून रात्रीच्या बसने निघालीस तर सकाळी स्वारगेटला घ्यायला येते, दिवसभर आमच्याकडे झोप काढ. पण चेहऱ्याचं उत्तर त्याआधी पाठव. पत्रानेच पाठव, फोनवर नको.

तुझी,
वीणा

ता. क. आईची पेटी धाकटीने माळ्यावरून खाली काढलीय. दोन स्वर बसलेत. कोल्हापूरला तुझ्या ओळखीचे ते दुरुस्तीवाले अजून काम करतात का, तेही विचारून ठेव.