सुशोभीकरणाची निविदा काढण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकण किनाऱ्यावरच्या शहरांतील धक्के, तलाव आणि बागा यांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात. त्यांत कारंजी, सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे आणि सीसीटीव्ही कॅमेरे यांचा तपशील असतो. दिवेलागणीनंतर त्या जागी बायका आणि मुली येऊन बसू शकतील का, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर सिंधुदुर्गात १०३६. कर्ता पुरुष मुंबईला आणि घर, शेत, बाजार, दवाखाना बाईच्या माथी, ही इथली जुनी रीत या आकड्यांमागे आहे. तरीही संध्याकाळी सातनंतर एखाद्या धक्क्याचा कठडा किंवा नाक्यावरचा पार पाहिला, तर या जिल्ह्यांत स्त्रिया फार थोड्या असाव्यात असेच परक्याला वाटेल.

हा पोलिसांचा विषय आहे असे मानून त्याचे उत्तर बहुधा कॅमेऱ्यात शोधले जाते. घडून गेलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून कॅमेऱ्याचे मोल आहेच. परंतु क्लासवरून एकटी परतणाऱ्या मुलीला वाटेवर माणसांची ये-जा हवी असते आणि ती राहील की आटेल, हे पुष्कळसे त्या वाटेच्या रचनेवर ठरते. आपल्याकडे दिव्यांचे खांब वाहनांचा विचार करून उभारलेले असतात. उजेड डांबरावर पडतो आणि कडेची पायवाट आंब्या-फणसाच्या फांद्यांखाली काळोखात राहते. पाखाड्यांची, म्हणजे घरांमधून जाणाऱ्या अरुंद पायवाटांची, अवस्था याहून बिकट आहे. पूर्वी पाखाडीच्या दोन्ही अंगांना कमरेइतके चिऱ्याचे गडगे असत. ओटीवर बसलेल्या माणसाला वाटेने जाणारा दिसे आणि जाणाऱ्याला ओटीवरचा दिवा. आता त्या जागी पुरुषभर उंचीची कंपाउंडे आली आहेत आणि वळणापलीकडे कोण उभे आहे हे चार पावलांवरूनही कळत नाही. बांधकामाची परवानगी देतानाच पाखाडीकडील भिंतीचा वरचा भाग जाळीचा ठेवण्याची अट घालणे आणि प्रत्येक वळणावर कमी उंचीचा एक दिवा लावणे, याला एखाद्या कारंज्याइतकाही खर्च येणार नाही.

त्यातून आपला पावसाळा. आराखडे बहुधा कोरड्या दिवसांतल्या पाहणीवरून होतात, पण जून ते सप्टेंबर हे चार महिने आभाळ भरून आले की काळोख लवकर होतो, वीज जाते, रस्त्याच्या कडेचे रान माणसाच्या उंचीइतके माजते. ते तोडले जाते गणपतीच्या तोंडावर, चाकरमानी येणार म्हणून; शाळा मात्र जूनमध्ये सुरू झालेल्या असतात. पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे पदपथ म्हणजे गटारावर टाकलेल्या हलत्या लाद्या, आणि त्यांवरून दोन छत्र्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, ही फार मोठी सोय आहे. पण संध्याकाळच्या गाडीने उतरल्यावर स्टँडपासून घरापर्यंतची वाट अशी असेल, तर त्या सवलतीचा उपयोग दिवसाउजेडीच्या प्रवासापुरताच उरतो.

स्वच्छतागृहांविषयी लिहिताना संकोच करण्याचे कारण नाही. पहाटे बंदरावरच्या लिलावाला येणारी आणि दुपारपर्यंत बाजारात बसून मासळी विकणारी बाई इतका वेळ पाणी न पिता काढते, कारण जवळ जाण्याजोगी जागा नसते. असली, तर तिला कुलूप असते. कुलूप नसले, तर एप्रिल-मे महिन्यांत पाणी नसते. पुरुषांना मोफत असलेल्या सोयीसाठी बायकांकडून पैसे घेतले जातात, हा मुद्दा मुंबईतील ‘राइट टू पी’ मोहिमेने २०११ पासून लावून धरला. त्याची दखल आपल्या नगर परिषदांनीही घ्यायला हवी. स्वच्छतागृहाचे दार वर्दळीच्या बाजूस हवे, मागच्या बोळात नको, एवढी साधी गोष्टही नकाशात पुष्कळदा चुकते.

सुशोभीकरणात पहिला बळी जातो तो टपऱ्या-गाड्यांचा. नाक्यावरच्या पानपट्टीभोवतीचा घोळका बायकांना नकोसा होतो हे खरे. परंतु बचत गटाचा वडापावचा गाडा, शहाळी विकणारी बाई, फुलवाली यांना हटवले की त्यांच्याबरोबर त्यांचा दिवा आणि जागते डोळेही जातात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असणे बंधनकारक केले आहे. धक्क्यावर कोणी कुठे बसावे हे त्या समितीत ठरावे.

मैदानांची गोष्ट वेगळी आहे. तिथे भीतीपेक्षा रिवाज आड येतो. व्हिएन्ना शहराला नव्वदच्या दशकात असे आढळले की वयाच्या साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमध्ये दिसेनाशा होतात आणि मुलगे राहतात. तिथल्या नियोजनकारांनी काही बागांतले एकच एक मोठे मैदान विभागले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा केल्या, नव्या पायवाटा काढल्या, आणि मुलींचा वावर वाढला. आपल्या मैदानांवर चारी कोपरे क्रिकेट व्यापते. शाळेत कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुली शाळा सुटल्यावर कुठे खेळतात, असा प्रश्न कुणाला पडतच नाही.

राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव होऊन दशकाहून अधिक काळ लोटला. तरीही शिवणयंत्रे वाटण्याचा विषय महिला व बालकल्याण समितीकडे आणि दिवे, रस्ते, बागा यांचे विषय बांधकाम व नियोजन समित्यांकडे, ही वाटणी बदललेली नाही. बागेचा आराखडा महिला व बालकल्याण समितीपुढे एकदाही येऊ नये, हे मला अनाकलनीय वाटते.

माझी मागणी मर्यादित आहे. कोणत्याही धक्क्याची, बागेची किंवा स्टँड परिसराची निविदा काढण्याआधी मुख्याधिकारी, अभियंता आणि नगरसेविका यांनी स्थानिक स्त्रियांसह त्या जागी पायी फिरून पाहणी करावी. मासळीविक्रेत्या, कॉलेजच्या मुली, काठी टेकत चालणाऱ्या आजी, रात्रपाळीच्या परिचारिका अशा साऱ्या जणी त्यात असाव्यात. अशी पाहणी टोरांटोमध्ये १९८९ पासून प्रचलित झाली आणि आपल्याकडे दिल्लीतही झाली आहे. उजेड किती, समोरचे कुठवर दिसते, आजूबाजूला माणसे किती, त्यांत बायका किती, चालायला वाट आहे का, रिक्षा किती अंतरावर मिळते, एवढेच नोंदवायचे असते आणि त्यासाठी सल्लागार नेमण्याची आवश्यकता नाही. ती नोंद निविदेला जोडून सूचना फलकावर लावावी. आमच्या परिसरातील काही जणी अशा फेरीसाठी वेळ देण्यास तयार आहेत. मात्र ती जुलै महिन्यात, संध्याकाळी साडेसातनंतर काढावी, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. रत्नागिरी